सतरा तारखा

मी फळ्यासमोर उभी होते. हातात माझी गणिताची वही. उघडी, वर्गाकडे तोंड करून धरलेली. डावीकडचं पान कोरं. उजवीकडचं पान कोरं.

तपासणीला आलेले साहेब खुर्चीत बसले होते. म्हणाले, "पान उलट." मी उलटलं. कोरं. "अजून उलट." कोरं. अशी अकरा पानं मी उलटली. अकरा म्हणते, कारण मोजली होती. मला लहानपणापासून मोजायची सवय आहे. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, तेव्हाही ती सुटली नाही.

साहेब गुरुजींकडे वळून म्हणाले, "मुलींच्या डोक्यात हिशेब शिरत नाही, ते हे असं. हिला शिवणकामाला बसवा."

वर्ग हसला. मुली पण हसल्या. गुरुजी सगळ्यांत शेवटी हसले.

मग साहेबांनी शुद्धलेखनाच्या वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला. वरचीच वही उचलली. ती मिठागराचा ठेका असलेल्या घरातल्या मुलाची होती. दोन-चार पानं चाळली, लाल शाईने 'उत्तम' लिहिलं आणि त्या मुलाला जवळ बोलावून त्याची पाठ थोपटली.

त्या वहीतलं पानन्‌पान मी लिहिलं होतं.

आमच्या शाळेत याला 'वह्या पूर्ण करणे' म्हणत. तपासणीची तारीख कळली की गुरुजी चांगल्या अक्षराच्या मुली निवडायचे. त्या वर्षी आम्ही चौघी होतो. मुलांच्या कोऱ्या राहिलेल्या वह्या आमच्यासमोर यायच्या. मागच्या तारखा घालायच्या आणि भरत जायचं. हे सगळं गणिताच्या तासाला. भाषेचा तास बुडवायचा नाही, इतिहासाचा बुडवायचा नाही, गणिताचा चालतो. मुलींना गणित तेवढं लागत नाही. मुलं फळ्यावरची गणितं करायची. आम्ही मागे भिंतीशी बसून त्यांचं शुद्धलेखन करायचो.

चार मुलींचं अक्षर वीस वह्यांत. साहेबांना ते दिसलंच नसेल, यावर माझा तेव्हा विश्वास होता. आता नाही.

मी बोलले नाही. माझे वडील त्याच घराच्या मिठागरावर कामाला होते. साहेब गेल्यावर गुरुजींनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "शहाणी आहेस." बस, एवढंच. त्या एका शब्दावर मी पुढची काही वर्षं खूश होते. अपमानाची मला आता लाज वाटत नाही. त्या खुशीची वाटते.

हे गाव भाईंदर पश्चिमेला आहे. राई गाव मागे टाकून पालीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलं की अशी गावं लागतात, त्यातलं एक. नाव सांगत नाही, कारण गावात मला राहायचं आहे. मालमत्ता कराच्या पावतीवर आम्ही शहर. कोणी पाहणीला आलं की त्यांच्या कागदावर आम्ही 'ग्रामीण'. ज्याला जे सोयीचं, ते तो लिहितो. माझं लग्न गावातल्या गावातच झालं. त्यामुळे शाळाही तीच राहिली. इमारत नवी झाली, फरशी बसली, पण शाळा तीच. माझी मुलगी प्रांजल तिथे चौथीत आहे.

मी नया नगरमध्ये तयार कपड्यांच्या एका कारखान्यात नोंदीचं काम करते. कोणी कॉलर लावली, कोणी काज केलं, किती नग, कोणाच्या नावावर. एकीचे चार नग चुकून दुसरीच्या नावावर चढले, तर मशिनी थांबतात आणि बायका उठून माझ्या टेबलाशी येतात. "दीदी, ये मेरा माल है, मेरे हाथ का है, टाका देखो." त्या बरोबर असतात. टाका बघितला की मला कळतं. मी खोडते आणि योग्य नावावर लिहिते. बारा वर्षं हे काम करतेय. डोक्यात हिशेब न शिरणारी बाई.

प्रांजल सहा वर्षांची होती तेव्हा आम्ही पालीला माझ्या मैत्रिणीकडे गेलो होतो. बाहेर बोंबील वाळत घातले होते. ही एक रांग मोजायची, मग रांगा मोजायची आणि किती झाले ते तोंडी सांगायची. मैत्रीण म्हणाली, "अगं, ही पोर कोणावर गेली?" मी मनात म्हटलं, माझ्यावर.

म्हणून यंदा पालकसभेत मॅडमनी प्रगतीचा कागद हातात दिला, तेव्हा मी तो दोनदा वाचला. भाषा, उत्तम. गणित, मदतीची गरज.

"मॅडम, गणितात?"

"अहो, काळजी करू नका. मुलींना गणित जरा जड जातंच. पण लेखन काय सुंदर आहे तिचं! माझी सगळ्यात आवडती विद्यार्थिनी."

मॅडम मीरा रोडला राहतात. मुंबईहून इकडे आलेलं कुटुंब. कष्टाळू बाई, कोणावर हात उगारत नाहीत, मुलांची नावं पाठ. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी आजही लिहून देईन. पण 'जड जातंच' यातला तो 'च' माझ्या कानात राहिला.

घरी आल्यावर मी प्रांजलचं दप्तर उघडलं. त्यात भाषेच्या दोन वह्या होत्या. एकीवर तिचं नाव, दुसरीवर वेदांतचं.

"ही तुझ्याकडे कशी?"

"मी त्याची जोडीदार आहे ना. मॅडमनी जोड्या लावल्यात. एक हुशार मुलगी, एक मागे पडलेला मुलगा. त्याचं राहिलेलं मी पूर्ण करते."

"आणि तो काय करतो?"

ती हसली. "तो फळा पुसतो. पीटीला शिट्टी पण तोच वाजवतो."

"तू कधी पूर्ण करतेस त्याचं?"

"गणिताच्या तासाला. मॅडम म्हणतात, तू घरी करशील गणित, तुझी आई हिशेबात पक्की आहे."

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. मी ती वही पहिल्यांदा बघत नव्हते. महिन्याभरापूर्वी ओट्याशी बसून ती वेदांतचं काहीतरी लिहीत होती, तेव्हा मी म्हटलं होतं, "लवकर लिहून टाक आणि जेवायला ये." मॅडमनी माझ्या पोरीला निवडलं, याचा मला आनंद झाला होता. तोच जुना आनंद. मी त्याला ओळखलं नाही.

वेदांत हा भाऊंचा मुलगा. भाऊ म्हणजे आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. मिठागरं गेली, जमिनीवर इमारती आल्या, घर तेच राहिलं आणि मोठं झालं. भाऊ आणि मी एका वर्गात होतो. साहेबांनी पाठ थोपटली होती, तो मुलगा म्हणजे हे भाऊ.

पुढच्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी दोन वह्या शेजारी ठेवल्या. वेदांतची भाषेची आणि प्रांजलची गणिताची. कारखान्यात करते तसंच केलं. एका कागदावर तारखा. वेदांतच्या वहीत ज्या दिवशी माझ्या मुलीचं अक्षर आहे, त्या तारखेला तिच्या गणिताच्या वहीत काय आहे?

तिचं 'ळ' मी दहा फुटांवरून ओळखते. मीच गिरवून घेतलाय.

एकोणीस तारखा निघाल्या. त्यातल्या सतरा तारखांना तिच्या गणिताच्या वहीत काही नव्हतं. तारीखसुद्धा नाही. दोन दिवस जुळले नाहीत, त्या दिवशी तिने दोन्ही केलेलं दिसतं. ते कसं केलं, हे तिलाही आठवत नाही. म्हणून मी सतरा म्हणते. एकोणीस म्हणत नाही.

आमचे हे पलीकडे पेपर वाचत होते. म्हणाले, "कशाला वाकड्यात शिरतेस? पोर लिहितेय, लिहू दे. भाऊंशी उद्या काम पडतं."

"कोणतं काम?"

"पडतं गं काहीतरी. गावात राहतोय आपण."

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. तेव्हा काय करायचं हे ठरलं नव्हतं. ते पुढच्या शनिवारी ठरलं, आणि ठरवायला मदत केली एका सरांनी.

पावसाळ्यानंतर शाळेत पाहणीवाले आले होते. मुलामुलींच्या लेखनातला फरक तपासायचा होता. मुलांना लांब लांब बसवून एक चित्र दाखवलं आणि त्यावर लिहायला सांगितलं. जोड्या नव्हत्या. त्याचा निकाल सांगायला त्या शनिवारी समितीच्या आणि पालकांच्या सभेत पाहणीचे प्रमुख सर स्वतः आले. सभ्य माणूस. खादीचा कुर्ता, हळू आवाज. भिंतीवर तक्ते दाखवत होते. मुलींनी जास्त ओळी लिहिल्या, कमी चुका केल्या. मुलग्यांनी दोन-तीन ओळींत सोडून दिलं, काहींनी नुसतं चित्र उतरवलं.

"हे सगळीकडे दिसतं," सर म्हणाले. "मुली मुळात नीटनेटक्या. चिकाटी असते. मुलग्यांचं डोकं हाताच्या पुढे धावतं, त्यामुळे लेखन मागे पडतं. हा नैसर्गिक फरक आहे. त्याचा स्वीकार करून आपण पुढे जायचं."

मागून एक बाप ओरडला, "सर, माझी बायको बोलण्यात पण पुढे आहे, ते पण नॅचरलच काय?" सगळे हसले. बायका पण.

भाऊ म्हणाले, "पोरं मैदानातली असतात. एका जागी बसणार कुठे?"

मग सरांनी उपाय सांगितला. दर शनिवारी मुलग्यांसाठी खास लेखनवर्ग. आणि चांगलं लिहिणाऱ्या मुली तिथे 'मदतनीस' म्हणून बसतील. शनिवारी आमच्या शाळेत गणिताचा सराव असतो. मॅडम म्हणाल्या, सराव मुलींनी घरी केला तरी चालेल.

मी त्या समितीची पालक सदस्य आहे. निवड कशी झाली विचाराल तर, एक बाई हवी होती. दोन वर्षांत मी पुढे आलेल्या प्रत्येक पानावर सही केली होती. त्या दिवशी सह्यांचं रजिस्टर माझ्यासमोर आलं आणि मी पेन खाली ठेवलं.

"मला बोलायचंय."

भाऊ हसले. "बोल ना. सर, ही आमची वर्गमैत्रीण. हिचं अक्षर म्हणजे काय सांगू! मोत्यासारखं. अख्ख्या शाळेत हिच्यासारखं अक्षर नव्हतं कोणाचं."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. त्यांची वही मी लिहिली होती, 'उत्तम' त्यांना मिळालं होतं, आणि त्यांच्या डोक्यात राहिलं होतं एवढंच, की हिचं अक्षर चांगलं. मला तोपर्यंत वाटत होतं, हा माणूस गेली पस्तीस वर्षं ते लपवतोय. लपवायला आधी काही लक्षात असावं लागतं.

मी पर्समधून तारखांचा कागद काढला.

"सर, माझी मुलगी चौथीत आहे. ती तिच्या वर्गातल्या एका मुलाचं लेखन पूर्ण करते. गणिताच्या तासाला. मी दोन्ही वह्यांच्या तारखा काढल्यात. वाचते."

वाचल्या. सतराच्या सतरा. वाचायला वेळ लागला. मध्येच कोणीतरी म्हणालं, "अहो वहिनी, कळलं." मी थांबले नाही. ज्या दोन जुळत नव्हत्या, त्याही शेवटी सांगितल्या.

"सर, तुम्ही म्हणता मुली जास्त लिहितात. लिहितातच. दोघांचं लिहितात. म्हणून हात बसलाय. मुलगे लिहीत नाहीत, कारण त्यांना लिहावंच लागत नाही. आणि ज्या तासाला आमच्या मुली दुसऱ्याचं लिहितात, त्या तासाचं गणित त्यांना येत नाही. मग तुम्ही म्हणता गणित जड जातं. यात निसर्ग कुठे आला?"

सर म्हणाले, "ताई, तुमची तळमळ समजते. पण असे वैयक्तिक अनुभव अभ्यासात धरता येत नाहीत. एका वर्गावरून निष्कर्ष काढता येत नाही."

"मी काढतच नाहीये. एका वर्गावरून मी एका वर्गाचंच बोलतेय. सगळीकडच्या मुलींचं तुम्ही बोललात. तुम्ही त्या मुलांच्या वह्या बघितल्या का? परीक्षेचा कागद नाही. रोजच्या वह्या."

सर म्हणाले, "ते आमच्या आराखड्यात नव्हतं."

मॅडमचे डोळे भरून आले होते. "मी मुलांच्या भल्यासाठीच जोड्या लावल्या हो. वह्या अपूर्ण राहिल्या तर वरून मला विचारतात."

त्यांचं खरं होतं. गुरुजींनाही वरून विचारत असतील. वर कोण आहे मला माहीत नाही. पण वरचा दाब खाली येता येता दर वेळी मुलींच्याच हातावर का थांबतो, हे मला विचारायचं होतं. मी विचारलं.

भाऊंचा आवाज बदलला. "कोणता मुलगा, ते सांग ना सरळ. माझंच पोर ना? त्याला बोलव इथे. घे खडू, लिहायला लाव. बघूया येतं की नाही."

वेदांत दारापाशीच होता. नऊ वर्षांचा मुलगा, बापाकडे बघत. त्याला लिहिता येत नाही, हे मला माहीत होतं. त्या खोलीत मला जिंकायला तेवढं पुरलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "त्याला फळ्यासमोर उभं करायचं नाही. त्याचंही नुकसानच झालंय. चौथीत गेला आणि त्याची स्वतःची एक वही नाही."

"मग सही कर आणि विषय संपव."

मी रजिस्टर पुढे ओढलं. माझ्या नावासमोरच्या रकान्यात लिहिलं: 'मुलींना मदतनीस करण्यास माझी संमती नाही. ज्याची वही त्याने लिहावी. गणिताच्या तासाला मुली गणित करतील.' खाली तारीख घातली. त्या दिवसाचीच.

भाऊ म्हणाले, "रजिस्टरमध्ये असं लिहितात का? खोडा ते."

"खोडलंत तर त्यावर सही करा. कोणी खोडलं ते कळायला हवं."

कोणी खोडलं नाही.

यानंतर काही चांगलं झालं असं समजू नका. शनिवारचा वर्ग सुरू झाला, मुली मदतनीस म्हणून बसल्या, फक्त माझी नाही. मॅडम आता माझ्याशी कामापुरतं बोलतात. पुढच्या समितीत माझं नाव नसेल, असं कानावर आलंय. आमच्या ह्यांना नाक्यावर कोणीतरी म्हणालं, "तुझी वकीलबाई बरी आहे का?" ते घरी येऊन चार दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

ते सगळं मी धरून चालले होते. एक धरलं नव्हतं. प्रांजल घरी येऊन रडली. "तू का बोललीस? मॅडम आता माझं अक्षर वर्गाला दाखवत नाहीत. दुसरीचं दाखवतात." मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिने हात झटकला. मला तिच्यावर राग आला नाही. शाबासकी तोंडाशी आली की किती गोड लागते, ते मला ठाऊक आहे. तिला ती नाकारायला वेळ लागेल. मला माझ्या अर्ध्या आयुष्याइतका लागला.

शाळेच्या गेटवर एका बाईने मला गाठलं. खाडीवर जाणारी, कालवं काढणारी. इकडे तिकडे बघून म्हणाली, "माझी पोर बी दोन वह्या लिवते. मना वाटलं, मान हाय." मी तिला म्हटलं, घरी जाऊन तिची गणिताची वही बघ. म्हणाली, "मना वाचता न्हाय येत." मी म्हटलं, वाचायचं नाही, कोरी पानं मोजायची. दोन दिवसांनी तिने मला फक्त बोटं दाखवली. एक हात पूर्ण, दुसऱ्याची चार.

आता मी शुक्रवारी कारखान्यातून एक तास लवकर निघते. मालकांनी आधी कुरकुर केली, मग ऐकलं. शाळेच्या ओट्यावर बसते. ज्यांना वाटतं त्या आया मुलींच्या वह्या आणतात. सध्या तिघी आहेत. तिघी म्हणजे तिघीच, चळवळ वगैरे नाही. आम्ही तारखा उतरवतो, कोणाचं अक्षर, कोणाची वही, त्या दिवशी गणित झालं की नाही. जिथे जुळत नाही तिथे जुळत नाही असं लिहितो. एक मुलगी नुसती कंटाळा करून गणित सोडत होती, तेही लिहिलं. खोटी एक तारीख घातली तर बाकीच्या सगळ्या वाया जातील.

मुलींचं कौतुक झालं की मी हल्ली आधी घड्याळ बघते. कोणत्या तासाला चाललंय? मला संशयी म्हणतात. आहे मी संशयी. मुली नीटनेटक्या, मुली समजूतदार, मुली मदत करतात, असं कोणी म्हणालं की मी विचारते, कोणाची मदत, किती वेळ, आणि तेवढ्या वेळात तिचं काय राहिलं?

प्रांजलला मी सांगितलंय, तू माझ्याशी अबोला धर, रुसून बस, चालेल. दुसऱ्याच्या नावाच्या वहीत एक ओळ लिहायची नाही. गणिताच्या तासाला गणित करायचं. चुकलं तरी तुझं चुकू दे.

सर पुढच्या वर्षी पुन्हा येणार आहेत, तुलना करायला. येऊ देत. त्यांचा पहिला तक्ता भिंतीवर लागण्याआधी आमचे कागद त्यांच्या टेबलावर असतील. मी समितीत असले तरी, नसले तरी. त्यात निष्कर्ष नसेल, नुसत्या तारखा असतील. मी त्यांना एवढंच सांगणार आहे: यातली एक तरी खोटी ठरवून दाखवा, आणि मग निसर्गाचं नाव घ्या.